खरवडलेलं नाव

त्या आजीबाईंनी दोनशे येन कमी केले, आणि तेव्हापासून मनात काहीतरी रुतून बसलं आहे.

क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. फेब्रुवारीतली सकाळ होती, बोटं गारठली होती. शेजारच्या गाडीवर रताळी भाजत होती आणि देवळाकडून उदबत्तीचा वास येत होता. निळ्या चादरीवर बंद पडलेली घड्याळं, किमोनोचे तुकडे, लोखंडी किटल्या, आणि कडेला एका खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले साकेचे, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचे, पेले. त्यातला एक मी उलगडला. तळहातात मावेल एवढा, बशीसारखा उथळ, पांढऱ्या चिनी मातीचा. काठावरची सोन्याची रेघ ओठांनी अर्धी नेलेली. आत तळाशी पाच टोकांचा लष्करी तारा, त्याखाली फुलीसारख्या ठेवलेल्या दोन लांब पट्ट्या आणि सोनेरी अक्षरं : पायदळाची ५८ वी रेजिमेंट, सेवामुक्तीची आठवण. मी सवयीने पेला पालथा घातला. खालच्या कड्याच्या आत देणाऱ्याचं नाव असतं. तिथे नुसते ओरखडे होते. एकावर एक, सगळ्या दिशांनी ओढलेले, खिळ्याने किंवा पात्याने. आजीबाईंनी आधी पाचशे सांगितले होते. माझा अंगठा त्या ओरखड्यांवर फिरताना त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, “नाव नाही ना त्यावर. तीनशे द्या.” हे कुणी खरवडलं, मी विचारलं. “आमच्याकडे आला तो असाच,” असं म्हणत त्यांनी पेल्याचा आतला भाग स्वेटरच्या बाहीने पुसला, अगदी हळुवार, आणि पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

मी तीनशे येन दिले आणि निघाले.

असे सतरा पेले आता माझ्या टोकियोच्या घरात आहेत. पहिला घेतला तेव्हा तो काय आहे हे मला ठाऊकही नव्हतं. चेरीची फुलं काढलेली गुलाबी-पांढरी बशी, हळदीकुंकवाला बरी दिसेल म्हणून उचललेली. निशिकासाईत आमच्या भागात एक निवृत्त बाई परदेशी लोकांना जपानी शिकवायच्या. त्या एकदा चहाला आल्या, कुंकवाची बशी त्यांनी हातात घेतली आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग मला म्हणाल्या, “हे उजवीकडून डावीकडे वाचायचं.” युद्धाआधी आडवी अक्षरं तशी लिहीत. मी इतके दिवस उलटीकडून वाचून अर्थ लावायचा प्रयत्न करत होते. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं : जोताई किनेन. सैन्यातली मुदत संपवून घरी परतल्याची आठवण.

विसाव्या वर्षी पोराची तपासणी व्हायची, निवड झाली की पायदळात दोन वर्षं. जाताना गल्लीतले, नात्यातले, बापाच्या ओळखीचे असे सगळे पाकिटात पैसे घालून द्यायचे, दारात त्याच्या नावाचे उंच झेंडे लागायचे. मुदत संपली की पोरगा छावणीच्या गावातल्या दुकानात पेले बनवायला टाकायचा, आत रेजिमेंटचं नाव आणि खाली स्वतःचं, आणि घरी आला की ज्यांनी ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्याकडे एकेक पोचवायचा. लढाईहून परतला असेल तर अक्षरं वेगळी, ‘गायसेन’, विजयी होऊन परतल्याची. म्हणजे ज्याच्या घरात तो पेला आहे, त्याचं नाव पेल्यावर कधीच नसतं. नाव देणाऱ्याचं. बाई हे सांगत होत्या आणि मी उठून आतून आईने दिलेली डाळीची वाटी आणली. तिच्या काठावर टिंबाटिंबांत नाव आहे : ‘चि. सौ. कां.’, पुढे माझ्या आईचं नाव, ‘हिस आत्याकडून सप्रेम भेट’, आणि तारीख. मी त्यांना ती वाचून दाखवली. त्या हसल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या की आमच्या घरीही असे पेले होते, आईने ते कधी टाकून दिले कळलंच नाही.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालणारा माणूस भांड्यांच्या दुकानाबाहेर पायरीवर बसलेला असायचा. साताऱ्याला लग्नसराईत त्याच्यासमोर रांग लागायची. छिन्नी आणि छोटी हातोडी, टिक टिक टिक, मान खाली. कागदावर लिहून दिलेलं तो भांड्यावर उतरवायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मनाप्रमाणे पडायचं. पुढे विजेवर चालणारं पेन आलं, त्याचा कर्र आवाज दातांत जायचा. लहानपणी कुणाच्या घरी जेवायला गेलं की ताट पुढ्यात येताच मी काठावरचं नाव वाचायचे. त्या घरातले कोण कोणाचे लागतात, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, कोण आता नाही, हे मला ताटांवरून कळायचं. पेला पालथा घालायची सवय ही अशी माझी जुनीच आहे.

या पेल्यांचं एक वैशिष्ट्य मला अजून बांधून ठेवतं. रिकामे असताना ते भडक दिसतात. फुंकून उडवलेले रंग, तांबड्या किरणांचा ध्वज, शिरस्त्राण, तोफ. आरमाराचा असेल तर नांगर. एकावर रेजिमेंटचा ध्वज आहे आणि त्याचं कापड जवळजवळ नाहीसं झालं आहे, फक्त जांभळी झालर उरली आहे. कापड जितकं फाटलेलं तितकी त्या पलटणीची शान मोठी. दुसरा पेला लाकडी, काळ्या लाखेचा, इतका हलका की हातात काही घेतलंय असं वाटत नाही. आणि मग त्यात पाणी ओतलं की (साके मी पीत नाही, पाणीच ओतते) सगळं शांत होतं. तारा तळाशी जातो, सोनं थरथरतं, अक्षरं मऊ होतात. ज्याला तो पेला मिळाला त्याला घोटामागून घोट घेताना तळाशी तो पोरगा दिसत असणार, परत आलेला, अंगणात उभा.

पण परत आलेला म्हणजे कायमचा परत आलेला नव्हे, हे कळायला मला वेळ लागला. मुदत संपली तरी नाव राखीव यादीत राहायचं. १९३७ मध्ये चीनशी मोठं युद्ध पेटलं तेव्हा लाल कागदावरची बोलावणी घरोघर गेली, आणि पेले वाटून झालेले, बायकापोरं असलेले पुरुष पुन्हा गेले. माझ्याकडचे दोन पेले १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांतले आहेत. तेव्हा बावीस वर्षांचे असलेले ते दोघं पुढे कुठे गेले, आले का, हे पेला सांगत नाही. तो एवढंच म्हणतो : आलो. शेवटच्या वर्षांतला पेला मला आजवर एकाही बाजारात दिसलेला नाही. तेव्हा कुणाची मुदत संपतच नव्हती.

हे सगळं घरात का ठेवायचं, हा प्रश्न मला एकदा फार जवळून भेटला. ऑफिसातली एक मैत्रीण घरी जेवायला आली होती. ती चीनची, हबेई प्रांतातली, शिज्याच्वांगची. कपाटाच्या काचेतून तिने पेले पाहिले, अक्षरं तिला माझ्यापेक्षा लवकर वाचता आली. भाकरी तोडता तोडता तिचा हात थांबला. ती काही बोलली नाही आणि ते न बोलणं मला आजही ऐकू येतं. तिच्या पणजीच्या गावात याच ताऱ्याचे लोक आले होते. मी कपाटावर पडदा ओढायला उठले तर म्हणाली, “राहू दे, बस.” मग बऱ्याच वेळाने तिने विचारलं की सोलापूर तुमच्याकडेच का? तिच्या शहरात डॉक्टर कोटणीसांची समाधी आहे, शाळेतून त्यांना फुलं वाहायला नेत. १९३८ मध्ये सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनला गेला, याच सैन्याने जखमी केलेल्या माणसांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांचा असताना, तिथेच गेला. ती त्यांचं चिनी नाव घेत होती, ख दीह्वा, आणि मी मराठी. त्या संध्याकाळी आम्ही दोघी खूप बोललो, पण पेल्यांबद्दल एक अक्षर नाही. ती गेल्यावर मी सगळे काढून खोक्यात भरले. सहा महिने ते खोक्यातच होते. नंतर पुन्हा बाहेर काढले, कारण खोक्यात ठेवून काही मिटत नव्हतं.

तोजीचा पेला घरी आणला त्या रात्री मी झोपले नाही. आकडा पाहून काळजात काहीतरी हललं होतं. अठ्ठावन्न.

माझे आजोबा, आईचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. चौथी बटालियन. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी घरटी एक माणूस पलटणीत असायचा, त्यामुळे त्यात कुणाला नवल नव्हतं. अण्णा लढाईबद्दल बोलत नसत. एकच शब्द त्यांच्या तोंडून कधीतरी यायचा, ‘सांगशाक’, आणि त्याच्यामागोमाग ‘पाणी’. मोठी झाल्यावर मी शोधून वाचलं. मणिपुरात उखरुलकडच्या डोंगरावरचं ते तांगखुल नागांचं गाव, टेकाडावर एक चर्च. १९४४ च्या मार्चमध्ये ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला चौथी मराठा तिथे घेरली गेली. काटेरी तार नव्हती, दोन-तीन फूट खणलं की खडक लागायचा, विमानांनी टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या बाजूला पडत होती. आणि पाणी नव्हतं. २६ मार्चच्या रात्री उरलेले लोक अंधारात, जमेल तसे घसरत डोंगर उतरले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. समोर जपानची ३१ वी डिव्हिजन, आणि त्यातली त्या टेकडीवर पुन्हा पुन्हा चढून येणारी रेजिमेंट अठ्ठावन्नावी. निइगाता प्रांतातल्या ताकादाची.

म्हणून मार्चमध्ये मी ताकादाला गेले. होकुरिकु शिनकान्सेनने जोएत्सु-म्योको, तिथून छोट्या गाडीने. जपानी समुद्राच्या बाजूचा हा सगळा भाग बर्फाचा. गावातली घरं आपली छपरं रस्त्यावर पुढे काढून एकमेकांना जोडतात, म्हणजे हिवाळ्यात बर्फाखालून चालता यावं. त्या लाकडी छपरांखालून मी दोन तास फिरले. थंडगार, ओल्या लाकडाचा वास, छपरावरून थेंब थेंब पडणारं पाणी. किल्ल्याच्या खंदकाभोवती चेरीची झाडं आहेत, अजून कळ्याही नव्हत्या. १३ वी डिव्हिजन इथे तळावर आली त्या आनंदात गावातल्या माजी सैनिकांनी १९०९ मध्ये ती लावली, आणि आज वसंतात लोक त्यांच्याखाली चटया टाकून बसतात. गावाबाहेर कानाया टेकडीवर फोन लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियन मेजरचा पुतळा आहे, बर्फावर घसरायच्या पट्ट्यांसह. १९११ च्या जानेवारीत त्याने याच ५८ व्या रेजिमेंटला स्कीइंग शिकवलं. जपानात ते तिथून सुरू झालं. माझ्या पेल्यातल्या फुलीसारख्या दोन पट्ट्यांचा उलगडा मला तिथे, त्या पुतळ्याखाली उभी असताना झाला.

आणि लगेच दुसराही झाला. ही रेजिमेंट १९२५ मध्ये सैन्यकपातीत मोडली गेली आणि १९३७ मध्ये चीनसाठी नव्याने उभी राहिली. शांततेच्या काळातली सेवामुक्ती, त्यात स्की, म्हणजे माझा पेला १९११ ते १९२५ मधला. तो ज्याने वाटला तो माणूस १९४४ मध्ये चाळिशी ओलांडलेला. सांगशाकला तो नसणार. अण्णांनी ज्याच्यावर गोळी झाडली किंवा ज्याने अण्णांवर झाडली, त्याचा हा पेला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात एक विचित्र रितेपण आलं, कुणीतरी भेटायचं ठरवून न आल्यासारखं. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बर्फाची शेतं मागे पळत होती आणि तेव्हा मनात आलं : त्याचा मुलगा. पेले वाटले, मग लग्न, मग मुलगा, म्हणजे १९४४ मध्ये बरोबर वीस-बावीसचा. ताकादाचा, म्हणजे ताकादाच्याच रेजिमेंटमध्ये. सांगशाक घेऊन ती रेजिमेंट पुढे कोहिमाला गेली, आणि पावसाळ्यात उपाशी, हगवणीने, मलेरियाने पोखरलेली, त्याच उखरुलच्या बाजूने माघारी निघाली. त्या वाटेला जपानी लोक पांढऱ्या हाडांचा रस्ता म्हणतात.

खरवडलं कुणी, याचा मी तेव्हापासून किती तऱ्हांनी विचार केला. आधी वाटलं १९४५ चं भय. अमेरिकन येणार म्हणून लोकांनी काय काय जाळलं, पुरलं, बंदुकांवरची शाही फुलं घासून काढली. पण तसं असतं तर पहिला घाव ताऱ्यावर पडला असता. तारा तर लखलखीत आहे, रेजिमेंटचा आकडा शाबूत आहे. फक्त माणूस काढला आहे. विक्रेत्याने काढला म्हणावं तर त्याने किंमतच घटते. मग घरातलंच कुणी. त्याने ज्याला पेला दिला तो मित्र, ज्याचं पुढे त्याच्याशी बिनसलं. किंवा त्याची बायको, कपाटात उरलेला शेवटचा पेला घेऊन एका दुपारी बसलेली, मुलाची बातमी आल्यावर. किंवा तो स्वतः. मी टॉर्च आडवा धरून, उजेड तिरका पाडून पाहिलं. खालच्या अक्षराची एक आडवी रेघ आणि तिच्यातून गेलेली उभी, एवढीच वाचली आहे. तेवढ्या खुणेची नावं जपानात लाखोंनी असतील. पूर्ण नाव उरलं असतं तरी ते मी इथे लिहिलं नसतं.

जपानात एक रीत आहे, मिझुसाकाझुकी. जो जातो आहे तो परत भेटेल याची खात्री नसेल तेव्हा साकेऐवजी पेल्यात पाणी घेऊन निरोप घ्यायचा. शिकवणाऱ्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी पेल्यांत पाणी ओतते हे आठवून मला चरचरलं. मी विचारलं, यापुढे नको का ओतू? त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे पाण्याचा अर्थ वेगळा असेल ना.”

आहे. अण्णा १९४६ मध्ये परत आले. त्यांनी कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या पाडव्यापासून मात्र गावच्या फाट्यावर, वडाखाली, त्यांनी पाणपोई सुरू केली. चार बांबू, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, वाळूत रोवलेले दोन रांजण, त्यांच्याभोवती ओलं पोतं. गुढी उभी केली की कडुलिंबाचं पान तोंडात टाकून अण्णा थेट फाट्यावर जायचे. पहिला पाऊस पडेपर्यंत रोज पहाटे कळशीने ते रांजण स्वतः भरायचे, सत्तरीतही, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे दिवस काढले आहेत. वाळ्याचा वास, एसटी थांबली की उडणारा फुफाटा, घटाघटा पिणारे गळे. कुणी पाणी पिताना अण्णा त्याच्याकडे बघत राहायचे, फार टक लावून, माणूस अवघडेल इतकं. रांजणाला साखळीने बांधलेला पितळेचा पेला होता. त्याच्या काठाखाली टिंबाटिंबांत नाव घातलेलं होतं. ते अण्णांचं नव्हतं.

“हे कोण?” मी एकदा विचारलं होतं, सहा-सात वर्षांची असेन. अण्णा म्हणाले, “तानलेला माणूस होता.” एवढंच. आजीने नंतर सांगितलं की अण्णांच्या पलटणीतला दोस्त, वाई बाजूचा, तिकडेच राहिला. नाव आजीलाही नीट ठाऊक नव्हतं. अण्णांनी ते साताऱ्याच्या पायरीवरच्या माणसाकडून घालून आणलं होतं, पहिल्या पेन्शनमधून.

अण्णा जाऊन तीस वर्षं झाली. पाणपोई मामा अजून चालवतो, आता प्लास्टिकचे जार असतात, पण पितळेचा पेला त्याने जपून ठेवला आहे. ताकादाहून परतल्यावर मी त्याला फोन केला, म्हटलं, मामा, त्या पेल्याचा फोटो पाठव, नाव दिसेल असा. त्याने पाठवला. चाळीस-पन्नास उन्हाळ्यांतल्या हजारो हातांनी, चिंच आणि राखेने रोज घासून, पितळ आरशासारखं झालं आहे. काठाखाली जिथे अक्षरं होती तिथे उन्हाचा एक डाग चमकतो आहे.

“काय वाचाय येत न्हाई गं आता,” मामा म्हणाला. “तू ल्हानपणी मोठ्यानं वाचायचीस. तुला ध्यानात आसंल की.”

मी डोळे मिटले. फाटा आठवला, वड, रांजणाचा गारवा, साखळीचा खणखणाट, ओठाला लागणारा पितळेचा आंबूस काठ. बोटाने एकेक टिंब चाचपत अक्षरं लावणारी मी आठवले. पहिलं अक्षर ‘ग’ होतं, आणि त्याला काहीतरी मात्रा होती. गेनू, गोविंद, गोपाळ, गेणबा. पुढे काही येईना. टेबलावर माझ्यासमोर तोजीचा पेला पालथा पडला होता. फोनवर दोन्हीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

“मामा,” मी म्हटलं, “देवघरातली रांगोळी घे. चिमूटभर. अक्षरं होती तिथे बोटाने दाबून चोळ, वरवर पुसून काढ, आणि उन्हात तिरका धरून परत एक फोटो काढ.”